एका डोंगराचें फूल

कपाशी, भेंडी व अंबाडी हीं पिकें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. त्यांच्याच कुळांतील एक झुडूप हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर, ल मोर्न नामक एकाच डोंगरावर, रानांत आढळतें. शास्त्रज्ञ त्यास ट्रोकेशिया बूटोनियाना म्हणतात. तेथील लोक त्याच्या लोंबत्या तांबड्या घंटेसारख्या फुलास कानांतील डूल म्हणतात. फुलांतील मधही तांबडा असतो. १२ मार्च १९९२ रोजीं त्या देशानें त्यास राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

मान मिळाला, परंतु जागा थोडी उरली. भंडारा जिल्ह्याहूनही लहान असलेल्या या बेटावर वलंदेजांनीं १६३८ मध्यें वसाहत केली व पुढल्याच वर्षीं जावाहून ऊस व हरणें आणलीं. १८३४ पासून हिंदुस्थानांतून मळ्यांवर मजूर जाऊं लागले; त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेंही होतीं. उसासाठीं रान तुटलें. आज चांगल्या स्थितींतील मूळ रान शेंकडा दोनहूनही कमी आहे.

तथापि सर्व दोष उसाचा नाहीं. फळासाठीं आणलेला चिनी पेरू रानांत शिरला. माकडें व डुकरें त्याचें बीं पसरवितात. त्याच्या दाट जाळींत मूळ झाडांचीं रोपें उठत नाहींत, आणि उठलीं तर हरणें खातात. यास्तव तेथें रानाच्या निवडक तुकड्यांस कुंपण घालून परकीं झाडें हातांनीं उपटण्याचें काम चालूं आहे.

अड्याळच्या शेतकऱ्यास याचें काय, असें कोणी विचारील. आपले मालगुजारी तलाव पहावे. कुंपणास सोयीचें म्हणून लाविलेलें बेशरमाचें झुडूपही अमेरिकेंतील. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, व ओल्या मातींत पडलेला तुकडाही फुटतो. आम्हीं महसुलाचे कागद पुष्कळ वर्षें लिहिले. कागदावर तलावाचें क्षेत्र घटत नाहीं. काठचें देवधान व कमळ मात्र मागें हटतें, आणि पाणवनस्पतींच्या आश्रयानें अंडीं घालणाऱ्या मासळीचा थाराही जातो.

यास्तव आमची सूचना अशी: ज्येष्ठांत पाणी उतरलें असतां गांवानें मिळून बेशरम मुळासकट खणावें, तोडलेलें तलावांत टाकूं नये, कोरड्या जागीं पूर्ण वाळवून जाळावें. पुढल्या वर्षीं पुन्हां पहावें. एका वर्षांत तें संपत नाहीं. मॉरिशसला एक डोंगर राखण्यास आज जे श्रम पडत आहेत, त्याहून पुष्कळ थोड्या श्रमांत आपला तलाव राखतां येईल, मात्र काम वेळेवर झालें पाहिजे.