पट्टा आठ दिवस बोलत होता

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरी एक जुनी डिझेल पिकअप आहे. शेतातला माल तीच बाजारात नेते, आणि माझी फीसुद्धा एका अर्थी तीच भरते. तेव्हा तिच्या दुखण्याखुपण्याशी माझा संबंध येणारच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वडील आणि मी सोयाबीनची पोती घेऊन बुलढाण्याहून मलकापूरला निघालो होतो. त्याआधी आठ दिवस गाडी सुरू करताना बॉनेटखालून ‘चीं’ असा आवाज येई आणि मिनिटभरात थांबे. आपोआप थांबतो म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. राजूर घाट उतरू लागलो तोच ‘फट्’ असा आवाज झाला. समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक झाले. वडिलांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, सारा भार पेडलवर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला लावली. निरोप धाडून बोलावलेल्या मिस्त्रींनी तुटलेला पट्टा वडिलांच्या हाती दिला आणि म्हणाले, “भाऊ, हा आठ दिवसांपासून बोलत होता. तुम्ही आयकलं नाही.”

पट्टा तुटला तर ब्रेक का जावा, हा प्रश्न मला कित्येक दिवस पुरला. मिस्त्रींनीच तो पुढे उलगडून सांगितला.

पट्टा आपल्याला नवा नाही. पिठाच्या गिरणीत आपण तो लहानपणापासून पाहतो. १८७० साली खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. त्या काळच्या जिनिंग कारखान्यांत एका इंजिनाची शक्ती लांब दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी यंत्रायंत्राला पोचवीत असत. मोटारीतही तेच तत्त्व आहे. इंजिनाच्या पुढची मोठी पुली फिरते आणि पट्टा तिची गती पाण्याच्या पंपाला, पंख्याला व अल्टरनेटरला देतो. पेट्रोल इंजिन हवा ओढताना निर्वात निर्माण करते व तो ब्रेकच्या मदतीला येतो. डिझेल इंजिनात तसा निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. काही जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. पट्टा तुटला की पंप थांबतो. साठलेला निर्वात एक-दोन ब्रेकांत संपतो आणि मग उरते ते केवळ पायाचे बळ.

पाचरीच्या आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही भिंतींना धरून चालतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा किंवा पुली झिजली असे समजावे. ढिला पट्टा घसरतो, तापतो व ओरडतो. काही लोक त्यावर साबण चोळतात. त्याने आवाज बंद होतो, रोग मात्र राहतो. उलट पट्टा फार ताणला तर पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग जाते.

पट्टा बदलताना इंजिन थंड असावे, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. गळ्यात रुमाल नसावा. आमच्या गाडीत अल्टरनेटर हाच टेन्शनरचे काम करतो. त्याचा खालचा बोल्ट आणि वरच्या लांबट खाचेतला बोल्ट सैल केला की तो इंजिनाकडे ढकलता येतो. मग जुना पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून काढावा. नवा पट्टा पेचकसाने रेटून चढवू नये. आतले धागे तुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. ताण देऊन सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे व ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा थोडा सैल पडतोच.

त्यानंतरच्या गाड्यांत अनेक बारीक धारांचा एकच चपटा पट्टा आणि स्प्रिंगचा टेन्शनर असतो. तेथे पट्टा काढण्यापूर्वी त्याची वाट कागदावर काढून ठेवावी. पट्टा निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. घरघर लागली किंवा पुली डुलली तर बेअरिंग गेले. टेन्शनरची स्प्रिंग मेलेली असेल, किंवा वरून तेल गळत असेल, तर नवा पट्टाही फार दिवस टिकत नाही. तुटलेला पट्टा बदलणे सोपे, तो का तुटला हे शोधणे महत्त्वाचे. आमच्या पट्ट्यावर तेल होते. गळती बंद केली नसती, तर दुसरा पट्टाही त्याच वाटेने गेला असता.

आता आमच्या गाडीत सीटखाली एक जादा पट्टा आणि दोन पाने असतात. महिन्यातून एका रविवारी मी बॉनेट उघडतो. ज्या मित्रांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांनी उद्या सकाळी ती सुरू होताना क्षणभर जवळ उभे राहावे आणि कान द्यावा, एवढीच विनंती.