जुन्नर-आंबेगावची तीर्थस्थळे

लेण्याद्री : इसवी सनाच्या 1 ते 3 या शतकांतली सुमारे 30 बौद्ध लेणी. क्रमांक 6 आणि 14 ही चैत्यगृहे, बाकी बहुतेक विहार. सातव्या, सर्वांत मोठ्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज. सभामंडप प्रशस्त, तरी आत एकही खांब नाही. तो पाहण्यासाठी थोडे थांबावेच. अष्टविनायकांतला डोंगरावरच्या लेण्यात असलेला हा एकमेव गणपती.

ओझर : विघ्नेश्वर, अष्टविनायकांपैकीच. कुकडीकाठी.

शिवनेरी : गडावर शिवाई देवीचे मंदिर. शिवजन्म 19 फेब्रुवारी 1630.

ओतूर : तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. शेजारी कपर्दिकेश्वर, श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात, यात्रा भरते.

आळे : ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी, अशी वारकऱ्यांची श्रद्धा.

पूर : कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वर. कोरीव दगडी मंदिर.

भीमाशंकर : बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, भीमेचा उगम. आंबेगाव-खेडच्या सीमेवर, मंचर-घोडेगावमार्गे रस्ता. आवारातली मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधली, तिच्यावर 1729 हे साल. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर (1739) ती इथे आली, असे सांगतात. भोवतीचे अभयारण्य 1985 पासून, शेकरूसाठी प्रसिद्ध.