थेंब पसरवायचा की पळवायचा?

वायपर बंद पडला की तंबाखू काढायची, हे घाटात गाडी चालवणाऱ्या जुन्या लोकांना कुणी शिकवावं लागत नसे. ट्रक असो, एसटीची लाल गाडी असो, नाहीतर मुंबईतली काळी-पिवळी फियाट; ड्रायव्हर खाली उतरायचा, चिमूटभर तंबाखू ओल्या काचेवर बाहेरून खसाखसा चोळायचा आणि पुढे निघायचा. जवळ पुडी नसेल तर विडी फोडली जाई. कुणी चिरलेला बटाटा फिरवत असे, कुणी कांदा. पुढे दुकानांत पाणी पळवणाऱ्या औषधांच्या बाटल्या आल्या आणि हा सगळा प्रकार अडाणीपणात जमा झाला. काचेवरच्या पावसाशी माणसानं गेल्या शंभरेक वर्षांत केलेल्या खटपटी ओळीनं पाहिल्या, तर तो अडाणीपणा होता असं मला वाटत नाही. ज्या वेगानं त्या गाड्या चालत, त्या वेगाला तोच इलाज बरोबर होता.

कारण साधं आहे. अगदी स्वच्छ काचेला पाणी आवडतं, ते तिच्यावर पसरतं. पातळ, सलग थर झाला तर त्यातून समोरचं बऱ्यापैकी दिसतं. पण रस्त्यावरच्या गाडीची काच कधी स्वच्छ नसते. डिझेलचा धूर, पुढच्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेलं तेलकट पाणी, धूळ यांचा थर बसलेला असतो, आणि त्यावर पाणी धड पसरतही नाही, धड घरंगळतही नाही. वेडेवाकडे ठिपके होऊन चिकटून बसतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटं भिंग. रात्री समोरून दिवे आले की शेकडो भिंगं एकदम पेटतात आणि रस्ता नाहीसा होतो. यावर उपाय दोनच. एकतर पाण्याला नीट पसरू द्यायचं, किंवा त्याला काचेवर पाय ठेवू द्यायचा नाही. तंबाखूतले पाण्यात विरघळणारे घटक आणि बटाट्यातला स्टार्च पहिलं काम करतात. त्यांचा पातळ लेप काचेवर राहतो आणि त्यावर पाणी सलग वाहू लागतं. लेप पावसानंच धुऊन जातो, मग पुन्हा उतरायचं आणि पुन्हा चोळायचं. खंडाळ्याच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाणाऱ्या गाडीला तेवढं पुरत असे.

वायपरची कथा इथं थोडक्यात आटोपतो, कारण ती अनेकदा सांगून झाली आहे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली आतून हातानं फिरवायच्या वायपरचं पेटंट मिळालं. त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही. मधूनमधून थांबणारा वायपर काढणाऱ्या रॉबर्ट कर्न्स यांचं अर्धं आयुष्य फोर्ड आणि क्रायस्लरशी कोर्टात भांडण्यात गेलं. आपल्या विषयाला जास्त जवळची आहे ती इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची तऱ्हा. जुन्या विलिस जीपला तो असे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातला व्हॅक्यूम कमी होई आणि वायपर मंदावे. म्हणजे चढ लागला, पाऊस वाढला, जोर लावला, की नेमका त्याच क्षणी वायपर झोपी जायचा. असल्या यंत्रावर भरवसा ठेवण्यापेक्षा ड्रायव्हरनं तंबाखूवर ठेवला, यात नवल ते काय?

दुसरा मार्ग, म्हणजे पाणी पळवण्याचा, प्रयोगशाळेतून आला. त्याचं मूळ सिलिकोनमध्ये आहे. नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग या संयुगांवर आयुष्यभर काम करत राहिले आणि १९३०च्या दशकात, या शाखेत नजीकच्या काळात महत्त्वाची प्रगती होईलसं दिसत नाही, असा निराश सूर त्यांनी लावला. मग १९४० साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो यांनी सिलिकोनचा कच्चा माल स्वस्तात बनवण्याची प्रक्रिया शोधली. त्याच कंपनीतल्या विंटन पॅटनोड यांना १९४२च्या डिसेंबरात एक पेटंट मिळालं: या कच्च्या मालाची वाफ कागदाला, कापडाला, काचेला नुसती लागू दिली तरी ते पाण्याला झटकून टाकतात. वाफेतले रेणू काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडतात आणि त्यांची मिथाइलची टोकं बाहेर राहतात. पाण्याला त्या टोकांशी काही देणंघेणं नसतं. मेणासारखा नुसता थर वर बसवणं आणि रेणूच काचेला बांधून टाकणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि पुढच्या सगळ्या बाटल्यांचा धंदा त्या फरकावर उभा राहिला.

अडचण एवढीच होती की ती वाफ ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. ते अंगणात उभ्या गाडीवर कोण करणार? हॉवर्ड ओल्हाउसेन यांनी १९७१ साली पेटंट घेतलं त्यात ही गाठ सोडवलेली दिसते. सिलिकोन, थोडं तीव्र आम्ल आणि अल्कोहोलसारखा उडून जाणारा द्रव एकत्र करायचा, फडक्यानं काचेवर पुसायचा, वाळू द्यायचा, वरचा धुरकट थर पुसून काढायचा. आम्लामुळे सिलिकोन काचेला धरतं. त्यांच्या युनेल्को कंपनीनं हेच ‘रेन-एक्स’ म्हणून विकलं आणि अमेरिकेत या मालाला बराच काळ त्याच नावानं ओळखलं गेलं.

त्या बाटलीवरून झालेला एक खटला मला फार आवडतो. ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या शेवटी अँडी रूनी नावाचे गृहस्थ कुरकुरीच्या सुरात काहीबाही सांगत असत. लोकांनी आपल्याला फुकट पाठवलेल्या वस्तूंचा समाचार घेताना त्यांनी रेन-एक्सची बाटली दाखवली, हे आपण काचेला लावून पाहिलं, आणि त्याचा उपयोग झाला नाही, असं सांगून टाकलं. कंपनी बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेली. १९९०मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला, त्यातली मेख पाहा. ‘उपयोग झाला नाही’ हे केवळ मत आहे असं कोर्टानं मानलं नाही. ते खरं-खोटं तपासता येईल असं विधान आहे, असं म्हटलं. पण रूनी यांचं विधान खोटं होतं, हे दाखवणारा पुरेसा पुरावा कंपनीला देता आला नाही. दावा फेटाळला गेला.

रूनी कुठल्या रस्त्यावर, किती वेगानं गाडी चालवत होते, हे निकालात येत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथं आहे. सिलिकोन लावलेल्या काचेवर पाण्याचा थेंब साधारण शंभर-एकशेदहा अंशांचा कोन करून उभा राहतो, म्हणजे गोलसर होतो. पण गोल झालेला थेंब आपोआप निघून जात नाही. त्याला ढकलावं लागतं, आणि ढकलतो तो वारा. साधारण ताशी पन्नास-साठच्या पुढे गेलं की थेंब काचेवरून वर सरकू लागतात. ऐंशीला ते पळतात आणि वायपर बंद ठेवावासा वाटतो. वीसच्या वेगानं मात्र ते जागच्या जागी चमकत बसतात. लेप न लावलेल्या काचेपेक्षा तेव्हा जास्तच त्रास होतो.

वेगाचं हे गणित विमानवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. जुन्या बोइंग विमानांत वैमानिकासमोर एक बटण असे. मुसळधार पावसात उतरताना ते दाबलं की काचेवर पाणी पळवणाऱ्या द्रवाचा फवारा उडायचा. कोरड्या काचेवर चुकून उडवला तर काच बरबटून काही दिसेनासं होई, म्हणून तो पावसातच वापरायचा. हा द्रव ज्यात मिसळलेला असे तो क्लोरोफ्लुरोकार्बनच्या जातीचा. ओझोनच्या थराला वाचवण्यासाठी १९८७चा माँट्रियल करार झाला आणि पुढच्या दशकात ही व्यवस्था विमानांतून निघाली. तिची जागा काचेवर आधीच लावून ठेवलेल्या लेपानं घेतली.

मोटारींच्या बाबतीत मोजमाप झालं ते १९९७ साली मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत. पाणी पळवणाऱ्या काचेतून पावसात पाहताना नजरेची तीक्ष्णता सुमारे एक-तृतीयांशानं वाढली आणि लहान वस्तू दिसायला लागणारा वेळ सेकंदाहून जास्त कमी झाला, असं तिथं आढळलं. ताशी ऐंशीच्या वेगात एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. त्याच सुमारास सिलिकोनच्या जागी फ्लोरीनयुक्त सिलेन आले. अमेरिकेत पीपीजीचं ‘ॲक्वापेल’, जपानात सॉफ्ट-९९च्या ‘ग्लाको’ मालिकेतले काही लेप. फ्लोरीनचा लेप वायपरच्या घासण्याला जास्त दिवस पुरून उरतो. जपानी कंपन्या तर दाराच्या आणि बाजूच्या काचा कारखान्यातूनच लेप देऊन पाठवू लागल्या. हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण त्या काचांना वायपरच नसतो.

आपल्याकडे पाऊस होताच. नव्हता तो वेग. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पावसाळ्यात साठचा काटा कितीसा वेळ टिकायचा? २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि सपाट भागात शंभरचा वेग सरसकट लोकांच्या हाती आला. बाटलीला खरं काम मिळालं ते तेव्हा. पुढे सर्व्हिसिंगच्या बिलात काचेच्या लेपाची ओळ येऊ लागली, मग सिरॅमिक कोटिंगची दुकानं निघाली, आणि मे महिन्याच्या अखेरीस काच ‘करून’ घेणं हा हौशी मोटारवाल्यांचा रिवाज झाला. पण तीच गाडी सोमवारी सकाळी सायन-पनवेल रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर दहाच्या वेगानं सरकते. तिथं मालक तक्रार करतो की पैसे पाण्यात गेले. अँडी रूनीची तक्रार आणि ही तक्रार एकच असावी, असा माझा संशय आहे.

लेप लावणाराही बऱ्याचदा अर्धं काम करतो. आधी काचेवरचा तेलकट थर आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घासून काढायला हवेत. ते न करता वरून फिरवलं तर रेणू काचेला धरणार कसे? आठवड्याभरात वायपरच्या पट्ट्यातला लेप तुकड्या-तुकड्यांनी जातो, आणि रबर थडथडत, कुईकुई करत फिरू लागतं. त्यात अनेक जण वायपरच्या टाकीत शाम्पूची पुडी रिकामी करतात. शाम्पू पाणी पसरवतो, लेप पाणी गोळा करतो. दोघांना एकाच काचेवर झुंजवत ठेवण्यात काही अर्थ नाही. आतून तर हे औषध लावूच नये. दमट हवेत काचेच्या आत धुकं धरतं तेव्हा पसरवणारा लेपच हवा. आतल्या बाजूला पळवायला वारा कुठून आणणार?

थेंबाला टिकूच न देणारा पृष्ठभाग निसर्गात आहे. अळूचं पान, कमळाचं पान. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाच्या पानावर लिहिलेला निबंध गाजला. पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवरचं मेण यांमुळे थेंब दीडशे अंशांहून मोठा कोन करतो आणि नुसत्या कलण्यानं घरंगळतो. त्यानंतर ‘नॅनो’ हा शब्द लावून काय काय विकलं गेलं! पण असे उंचवटे वायपरच्या रबराखाली टिकत नाहीत, आणि जाड केले तर प्रकाश विखुरून काच धुरकट होते. मोटारीच्या पुढच्या काचेला अळूचं पान अजून मिळालेलं नाही.

त्या नॅनोच्या लाटेत एक वाईट प्रकरणही घडलं. २००६च्या मार्चमध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचे काचेवर आणि सिरॅमिकवर मारायचे फवारे बाजारात आले आणि काही दिवसांत सुमारे शंभर लोकांना श्वासाचा त्रास झाला. काहींच्या फुप्फुसांत पाणी झालं. पुढे तपासात त्या फवाऱ्यांत नॅनोकण सापडलेच नाहीत. बारीक फवारा फुप्फुसात खोलवर गेला, हा खरा घोटाळा. फडक्यानं पुसायचं औषध आणि डब्यातून फवारायचं औषध यांत निवड करायची असेल तर बंद गॅरेजमध्ये तरी फडकंच बरं. आता फ्लोरीनच्या लेपांवर दुसरंच संकट आहे. ज्या कुळातली ही रसायनं, ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. २०२३ साली जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून युरोपात त्या सगळ्या कुळावरच निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे सिलिकोनच्या जुन्या वाटेकडे पुन्हा लक्ष वळलं आहे.

मधल्या काळात काचेमागे बसणारेही बदलले. पाऊस ओळखून वायपर आपोआप सुरू करणारा सेन्सर काचेत अवरक्त प्रकाश सोडतो आणि किती परत आला ते मोजतो. बाहेर पाणी असेल तिथं प्रकाश निसटतो. थेंब गोळा होऊन थोड्याच जागेला टेकला, तर त्याचा हिशेब चुकू शकतो. आरशामागचा कॅमेरा रस्त्याच्या रेषा पाहतो, त्यालाही डागाळलेला लेप नको असतो. माझ्या गाडीला मी लेप लावतो तो आरशांना आणि दारांच्या काचांना. पुढच्या काचेवर पैसा घालायचा असेल तर वायपरची रबरं जूनच्या आधी बदलतो. ती लेपापेक्षा स्वस्त पडतात आणि वीसच्या वेगालाही चालतात.