चिकणमातीतील ध्वनिक उत्सर्जन

चिकणमातीवर भार आला की तिचे कण एकमेकांवर घासतात, सरकतात आणि त्यांची रचना बदलते. या हालचालीत मुक्त होणारी ऊर्जा सूक्ष्म स्थितिस्थापक तरंगांच्या रूपाने पसरते. यास ध्वनिक उत्सर्जन म्हणतात. हे तरंग पीझोविद्युत संवेदकांनी टिपले जातात.

मातीच्या अशा उत्सर्जनाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात रॉबर्ट कर्नर व सहकाऱ्यांनी केला. वाळूच्या तुलनेत चिकणमाती जवळजवळ मूक असते. तिचे कण अतिसूक्ष्म व चपटे असतात, आणि जे थोडे तरंग उमटतात तेही मातीत लवकर विरतात. पूर्वी सोसलेला भार ओलांडेपर्यंत पदार्थातून फारसे उत्सर्जन होत नाही, या कायझर परिणामाचा आधार घेऊन मातीचा पूर्वसंघनन दाब ओळखण्याचे प्रयत्नही झाले.

प्रत्यक्ष उतारावर मात्र या मूकपणाची अडचण होते. त्यावर इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाचे नील डिक्सन व सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. उतारात खोल छिद्र घेऊन त्यात पोलादी नळी उभी करतात व तिच्याभोवती खडी भरतात. माती सरकली की खडी घासते आणि तिचे तरंग नळीतून वर संवेदकापर्यंत पोहोचतात. म्हणजे नोंदला जाणारा आवाज मुख्यतः खडीचाच असतो. साधारण २० ते ३० किलोहर्ट्झ एवढाच पट्टा मोजल्याने वारा व रहदारीचा गोंगाट बराचसा वगळला जातो. उतार जितका वेगाने सरकतो तितका नोंदींचा दर वाढतो, त्यामुळे भूस्खलनाची पूर्वसूचना देता येते. नॉर्थ यॉर्कशायरमधील हॉलिन हिल येथील उतारावर या पद्धतीची चाचणी झाली आहे.