पिंपरीच्या पुढचे साडेचार किलोमीटर

माझे माहेर कसबा पेठेत आणि सासर निगडीला. लग्न ठरले तेव्हा सगळे नातेवाईक आईला म्हणाले, "हाकेच्या अंतरावर दिलीत हो मुलगी!" हाक मारायला काय जातं? मैत्रिणींनो, त्या हाकेला ओ द्यायला मला दीड तास लागायचा. घरून थांब्यापर्यंत पायी, मग बसची वाट, मग जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचा एकेक सिग्नल, शिवाजीनगरला उतरून दुसरी बस. लोकल आहे, पण आकुर्डीचे रेल्वे स्टेशन आमच्या घरापासून आडबाजूला आणि दुपारच्या वेळी गाड्या कमी. माहेरी जाऊन चहा घ्यायचा आणि परत फिरायचे, एवढ्यात दिवस संपायचा.

जून २०२३ मध्ये पेठेतल्या एका शाळेतून मला विचारणा झाली होती. आठवड्यातून तीन दिवस, मराठीचे तास, दुपारचे अधिवेशन. मी बी.ए. झालेली, घरी शिकवण्या घेणारी. अशी विचारणा रोज येत नाही. दोन दिवस मी कागदावर वेळा मांडत बसले. मुलीची शाळा सुटायची वेळ, सासूबाईंचे जेवण, ह्यांचे घरी येणे. शेवटी नाही म्हणून कळवले. हे म्हणाले, "बघ बाई, तुझं तू ठरव." ठरवायला उरलंच काय होतं? येण्याजाण्याचे तीन तास पदरचे घालून तीन तास शिकवायचे, हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हते.

मग २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. मुठेच्या पात्राखालून गाडी जाते आणि पुढचेच स्टेशन कसबा पेठ. फडके हौदाशी वर यायचे की माझे माहेर पाच मिनिटांवर! त्याच नोव्हेंबरात आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. भाऊ परगावी. डोळ्यांत थेंब घालायचे दिवसातून चार वेळा, वाकायचे नाही, चुलीशी, म्हणजे आताच्या गॅसशी, उभे राहायचे नाही. सकाळ-संध्याकाळ शेजारच्या काकू सांभाळत, दुपार माझ्याकडे. तीन आठवडे मी जवळजवळ रोज गेले.

त्या तीन आठवड्यांत मला एक नाद लागला. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी मिनिटे लिहायला लागले. पिंपरीला गाडीत बसल्यापासून कसबा पेठेत उतरेपर्यंत किती, आणि घराची कडी लावल्यापासून पिंपरीच्या फलाटावर पोचेपर्यंत किती. पहिला आकडा रोज अर्ध्या तासाच्या आतबाहेर. एखाददुसऱ्या मिनिटाचा फरक. दुसरा आकडा मात्र २५ पासून ५५ पर्यंत काहीही! म्हणजे दोन नगरे ओलांडून, नदीखालून, आईच्या दारात जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ कधीकधी निगडीहून पिंपरीला यायला लागतो. आणि हे अंतर आहे साडेचार किलोमीटरांचे!

तुम्ही म्हणाल, हे काय पुराण लावलंय? पण तुमच्याही गावात, शहरात आज ना उद्या हा प्रश्न यायचा आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिंपरी-चिंचवड १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुण्याला खेटून असले तरी ते वेगळे शहर. कारखाने आले, कामगार आले, प्राधिकरणाने प्लॉट पाडले आणि निगडी, आकुर्डी, चिंचवडला हजारो संसार थाटले गेले. मेट्रोची पहिली आखणी झाली तेव्हा तिचे एक टोक स्वारगेट आणि दुसरे टोक पिंपरीची महापालिका इमारत. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी गाडी धावली, १ ऑगस्ट २०२३ रोजी ती पुढे न्यायालयापर्यंत गेली, आणि मग स्वारगेट. रूळ एकेका टप्प्याने पुण्याकडे सरकत होते आणि आम्ही निगडीकर मागे वळून बघत होतो, की आमच्याकडे कधी?

मागणी जुनीच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि ६ मार्च २०२४ रोजी भूमिपूजन झाले. पिंपरीच्या पुढे चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि भक्ती-शक्ती अशी चार स्थानके. भक्ती-शक्ती म्हणजे शिवराय आणि तुकोबांचे शिल्प असलेला चौक. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच चौकातून शहरात येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. तीच वाट आता गाडीलाही मिळायची आहे, हे मला उगीचच बरे वाटते.

आता खर्चाचे. आपण बायका भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि कोटींचे आकडे आले की पान उलटतो. तसे करू नका. निगडीचा मार्ग सुमारे ४.४ किलोमीटरांचा, खांबांवरून जाणारा. त्याला ९१० कोटी १८ लाख रुपये. भागाकार केला तर किलोमीटरला साधारण २०६ कोटी. दुसऱ्या टोकाला स्वारगेटहून कात्रजला जाणारा मार्ग ५.४६ किलोमीटरांचा, पण सगळा जमिनीखालून. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती २९५४ कोटी ५३ लाखांची. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४१ कोटी. वरून जाण्यापेक्षा खालून जाणे अडीचपटीहून महाग! मुलीला भागाकार शिकवताना मी हेच गणित घातले. तिने विचारले, "मग सगळं वरूनच का नाही नेत?" तिला म्हटले, मंडईत खांब कुठे उभा करशील ते दाखव.

वनाजहून चांदणी चौकाकडे आणि रामवाडीहून वाघोलीकडे असे आणखी दोन फाटे जून २०२५ मध्ये मंजूर झाले, मिळून पावणेतेरा किलोमीटर आणि १३ स्थानके. एकूण काय, रेघ ओढली की ती लांबवावीच लागते. जिथे ती संपते त्याच्या पलीकडे माणसे राहायला गेलेलीच असतात.

आमच्या सासूबाईंचे लहानपण दादरचे. त्या म्हणतात, "यात नवीन काय? आमच्याकडे ट्राम जिथे संपायची त्याला दादर टी.टी. म्हणायचे." टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली, रूळ गेले, पण नाव अजून टिकून आहे. शेवटच्या ट्रामच्या दिवशी त्यांच्या वडिलांनी सगळ्या भावंडांना मुद्दाम बसवून आणले होते. सासूबाईंना त्या फेरीतले दुसरे काही आठवत नाही. फक्त धाकट्या भावाची एक चप्पल गर्दीत गेली आणि घरी आल्यावर मार मिळाला, एवढे आठवते.

तर मी काय सांगत होते? बायकांच्या प्रवासाचे. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो. घर ते कचेरी, कचेरी ते घर. आपला तसा असतो का? आपण निघतो ते मुलाला शिकवणीला सोडून, दळण टाकून, सासऱ्यांच्या गोळ्या घेऊन, बँकेत डोकावून, आणि मग जिथे जायचे तिथे. परतताना भाजी, इस्त्रीचे कपडे, पुन्हा दळण. अशा प्रवासाला गाडीचा वेग फारसा कामाचा नसतो. कामाचे असते ते हे, की स्टेशन आपल्या रोजच्या वाटेवर आहे की नाही. पिंपरीचे स्टेशन माझ्या वाटेवर नाही. ते गाठण्यासाठी मला वेगळे निघावे लागते. निगडीचे टिळक चौकाजवळचे स्टेशन मात्र माझ्या गिरणीच्या, बँकेच्या आणि मुलीच्या शिकवणीच्या मधोमध येणार आहे. नव्या मार्गाचे मोल मला गिरणीच्या ओट्यावर उभी असताना कळले.

जून २०२५ मध्ये त्याच शाळेतून पुन्हा फोन आला. या वेळी मी हो म्हटले. हे चकित झाले आणि सासूबाई म्हणाल्या, "जा. पोळ्या मी करीन, पण आमटी तू करून जा." काम तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे. पहिला तास चुकला की त्याचे पैसे गेले. पहिल्या महिन्यात माझे तीन तास चुकले. तिन्ही वेळा मेट्रो वेळेवर होती. मी पिंपरीला पोचले नव्हते. मग रिक्षा करू लागले. महिनाअखेर हिशेब केला, तर मिळालेल्या पैशांतला जवळजवळ तिसरा हिस्सा घर ते पिंपरी या रिक्षांत गेलेला. मेट्रोचे तिकीट त्या मानाने काहीच नाही.

पण सगळ्यांचे माझ्यासारखे नसते, हेही लिहिले पाहिजे. आमच्याकडे स्वयंपाकाला हात लावायला येणाऱ्या मावशी ओटा स्कीममध्ये राहतात. त्यांना मी उत्साहाने म्हटले, "मावशी, आता तुम्हालाही चिंचवडच्या कामाला गाडीनं जाता येईल." त्या हसल्या. "ताई, कमीत कमी दहा रुपये जायचे नि दहा यायचे. सहाशे झाले महिन्याला. एका घरचे पैसे त्यातच गेले की! मी आपली चालत जाते." मी गप्प बसले. विद्यार्थ्यांना आणि शनिवार-रविवारी सर्वांना ३० टक्के सवलत २०२३ मध्ये जाहीर झाली, ती चांगलीच. एस.टी.त मार्च २०२३ पासून राज्यातल्या सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे. माझ्या मते मेट्रोतही रोज कामाला जाणाऱ्या बायकांसाठी स्वस्त मासिक पास हवा. नाहीतर खांब मावशींच्या डोक्यावरून जातील आणि त्या खालून चालतच राहतील.

माझे ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंचे दुकान त्याच रस्त्यावर. २०२५ मध्ये काम चालू असताना दुकानासमोर पत्रे उभे राहिले. गिऱ्हाईक येईना. सणाच्या दिवसांत जिथे श्वास घ्यायला फुरसत नसायची, तिथे त्या दुपारी मशीनवर डोके टेकून बसलेल्या मी पाहिल्या. वर घरमालकाने सांगून ठेवले, की गाडी सुरू झाल्यावर भाडे वाढवणार. म्हणजे धूळ खायची ह्यांनी आणि भाव मिळायचा दुसऱ्याला! यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी चार मैत्रिणींना त्यांच्याकडे पाठवले, एवढेच.

आता तुमच्या भागात अशी लाइन येणार असेल तर एक करा. गाडीचा रंग, डब्यांची चकचक बघत बसू नका. जिना कुठे उतरतो ते बघा. तो रस्त्याच्या कुठल्या बाजूला येणार, तिथे पदपथ आहे की गाड्या लावलेल्या, रात्री आठ वाजता दिवा असतो का, गुडघे दुखणाऱ्या बाईला लिफ्टपर्यंत जायला किती चालावे लागेल, हे स्वतः जाऊन पाहा. जिल्हा न्यायालयाचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, तिथे सरकत्या जिन्यांवर आई माझा हात घट्ट धरते. डोळे बरे झाल्यापासून तिला तुळशीबागेऐवजी मेट्रोची सवारी हवी असते! पण त्या खोलीतून वर येऊन रस्ता ओलांडायची वेळ आली की तिची खरी भीती सुरू होते.

आणि सांगितल्याने फरक पडतो. कात्रजच्या मार्गावर मंजुरीच्या वेळी तीनच स्थानके होती. तिथल्या रहिवाशांनी मागणी लावून धरली आणि २०२५ मध्ये बालाजीनगर, बिबवेवाडी अशी दोन स्थानके वाढवायचे ठरले. लोक बोलले नसते तर कागदावरची रेघ तशीच राहिली असती.

आम्हीही बोलायचे ठरवले. आमच्या भिशीच्या अकरा जणींनी मिळून एक अर्ज लिहिला. मजकूर माझा, अक्षर शेजारच्या वहिनींचे, कारण माझे अक्षर शिकवणाऱ्या बाईला शोभणारे नाही. मागण्या दोनच. प्राधिकरणाच्या आतल्या रस्त्यांवरून स्टेशनपर्यंत छोटी बस, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. आणि जिन्याखाली रिक्षाथांब्यासाठी आखून दिलेली जागा, म्हणजे रात्री उतरलेल्या मुलीला रिक्षा शोधत अंधारात फिरावे लागणार नाही. अर्ज घेऊन गेलो तर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने "आधी गाडी तर सुरू होऊ द्या" म्हणून सांगितले. वहिनी तिथल्या तिथे म्हणाल्या, "अहो, पाहुणे जेवायला बसल्यावर कुकर लावतात का?" टेबलाच्या पलीकडचे गृहस्थ हसले आणि त्यांनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली.

ती पोच माझ्या त्याच दुधाच्या वहीत आहे. येत्या गुरुवारी पुन्हा जायचे आहे. त्या दिवशी मला तास नाही आणि भिशी वहिनींकडेच आहे, तेव्हा सगळ्या तिथूनच निघणार. आईला कळले तर ती म्हणते, "मीही येते. पिंपरीपर्यंत मेट्रोनं येईन, तिथं घ्यायला तेवढं कुणीतरी या."