ओरायनचे कवच का तडकले?

भरताचे वांगे निखाऱ्यावर ठेवण्यापूर्वी आपण त्याला सुरीने टोचे मारतो. ते न मारल्यास आत वाफ कोंडते आणि वांगे फुटते. २०२२ साली एका अवकाशयानाच्या बाबतीत काहीसे असेच घडले.

११ डिसेंबर २०२२ रोजी नासाचे ‘ओरायन’ यान चंद्राकडे जाऊन प्रशांत महासागरात परतले. यानात माणसे नव्हती. वातावरणात शिरताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर होता. अशा वेळी यानापुढची हवा एकाएकी दाबली जाऊन प्रचंड तापते. (यान केवळ घर्षणाने तापते, हा समज अपुरा आहे.) यानाच्या बुडाशी असलेल्या पाच मीटर व्यासाच्या कवचाचे तापमान २७०० अंश सेल्सियसच्याही वर जाते.

हे कवच ‘ॲव्हकोट’ नावाच्या पदार्थाचे असते. तापल्यावर त्यातल्या रेझीनचे विघटन होऊन वायू सुटतात आणि पृष्ठभागी कोळशाचा थर उरतो. हा थर हळूहळू झिजतो आणि उष्णता घेऊन जातो. म्हणजे झिजणे हा कवचाचा दोष नव्हे, ते त्याचे कामच आहे. ओरायनच्या कवचातून मात्र शंभरावर जागी कोळशाचे तुकडेच्या तुकडे निखळले होते.

अपोलो यानांच्या वेळी ॲव्हकोट मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या तीन लाखांहून अधिक कप्प्यांत हाताने भरत असत. ओरायनच्या या कवचासाठी त्याऐवजी १८६ ठोकळे तयार करून चिकटवले होते. या ठोकळ्यांमधून वायू सगळीकडे सारखा झिरपू शकत नव्हता. जेथे तो झिरपत होता, तेथे तडे गेले नाहीत. जेथे कोंडला, तेथे दाब वाढून कवच तडकले.

मग चाचण्यांत हे का कळले नाही? परतताना यान वातावरणात एकदा बुडी मारून वर आले आणि पुन्हा खाली शिरले, जसा तळ्यावर चपटा दगड टप्पा घेतो. मधल्या काळात पृष्ठभागाला उष्णता कमी मिळाली, त्यामुळे सच्छिद्र कोळसा बनणे मंदावले. आत मात्र वायू सुटतच राहिले. जमिनीवरील चाचण्यांत उष्णतेचा मारा याहून तीव्र होता. तेथे सच्छिद्र कोळसा लवकर तयार झाला, वायूला वाट मिळाली आणि दोष झाकलेलाच राहिला. चाचणी जितकी कठोर तितकी चांगली, असे आम्ही प्रयोगशाळेतली माणसे सहज धरून चालतो. येथे तेच चुकले.

केबिनचे तापमान २४ अंशांच्या आसपासच राहिले होते. आत माणसे असती तरी ती सुखरूप राहिली असती. तरीही, तपासाअंती डिसेंबर २०२४ मध्ये नासाने पुढच्या उड्डाणात परतीचा मार्ग बदलण्याचे आणि त्यानंतरची कवचे सर्वत्र सारखा वायू झिरपू देणारी बनवण्याचे ठरवले.

टोचे मारलेले आणि न मारलेले वांगे वर्गात भाजून दाखवता येईल. (विद्यार्थ्यांना जरा दूर उभे करावे!) मग विचारावे : घट्ट, बिनछिद्राची वस्तू नेहमीच अधिक मजबूत असते का?