कार्ल गास्टची तोफ अजून उडते आहे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ने हवाई दलाचा निरोप घेतला. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए जाहीर समारंभात झेपावले. मिग-२१सुद्धा ओझरलाच बांधली जात. या दोन विमानांत रडार, पंख, इंजिन असे सगळे वेगळे. पण पोटाखालची तोफ एकच, रशियन जीएसएच-२३.

तिच्या नावातली अक्षरे तुला शहरातल्या ग्र्याझेव आणि शिपुनोव या रचनाकारांची. मूळ कल्पना मात्र १९१६ साली जर्मन अभियंता कार्ल गास्ट यांना सुचली होती. सायकलचे एक पायडल खाली गेले की दुसरे आपोआप वर येते, तशा या तोफेच्या दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीतून गोळा सुटला की त्याच्याच जोरावर दुसरीत पुढचा गोळा भरला जातो. ती उडाली की पहिलीची तयारी होते. धक्का ही प्रत्येक तोफेची डोकेदुखी, गास्ट यांनी तिलाच कामाला लावले! त्यामुळे जेमतेम ५० किलोंची ही तोफ मिनिटाला ३,०००हून अधिक गोळ्यांच्या वेगाने मारा करते. अमेरिकेची सहा नळ्यांची व्हल्कन तिच्या जवळपास दुप्पट वेगवान आहे, पण वजन दुपटीहून जास्त, आणि नळ्या फिरवायला बाहेरून शक्ती लागते. व्हल्कन ज्यांच्या फिरत्या नळ्यांच्या कल्पनेवर चालते, त्या गॅटलिंग यांचे नाव जगभर झाले. गास्ट यांना मात्र शस्त्रांचे अभ्यासक सोडले तर कोणी ओळखत नाही. हा अन्याय आहे.

साठच्या दशकात तर तोफच कालबाह्य ठरवली गेली होती. क्षेपणास्त्रे आली, आता समोरासमोरची झुंज संपली, असा तेव्हाचा सूर. त्याची किंमत भारतीय वैमानिकांनी मोजली. ४ सप्टेंबर १९६५ रोजी विंग कमांडर वोलेन यांनी पाकिस्तानी सेबर विमानावर दोन के-१३ क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही हुकली. सेबर समोर होते, पण त्यांच्या मिगला तोफच नव्हती. पुढे मिग-२१ एफएलच्या पोटाखाली जीएसएच-२३ असलेला गनपॉड बसवला गेला. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांचे क्षेपणास्त्र चुकले, तेव्हा त्यांनी याच तोफेने पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर पाडले.

व्हिएतनाम युद्धाची गोष्टही अशीच सांगितली जाते: फँटम लढाऊ विमानाला तोफ नव्हती म्हणून अमेरिकेची फजिती झाली, तोफ बसवल्यावर सगळे सुरळीत झाले. हे अर्धेच खरे. अमेरिकी नौदलाने आपल्या फँटममध्ये आतली तोफ कधीच बसवली नाही. १९६९मध्ये ‘टॉप गन’ प्रशिक्षण सुरू केले, आणि त्यानंतर नौदलाच्या वैमानिकांची कामगिरी कितीतरी पटींनी सुधारली. तोफेच्या भक्तांनी हा दाखला जरूर लक्षात ठेवावा. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेने तोफेने पाडलेली इराकी विमाने किती? एकही जेट नाही. दोन हेलिकॉप्टर, तीही मंदगती ए-१०ने.

मग तोफ का ठेवायची? क्षेपणास्त्राला लक्ष्य पकडायला आणि स्फोटक सज्ज व्हायला काही अंतर लागते. त्याच्या आत ते निरुपयोगी. शिवाय तोफेच्या गोळ्याला फसव्या ज्वाळा दाखवून चकवता येत नाही, आणि इशारा म्हणून शेजारून झाडता येतो तोही तोफेचाच गोळा. मर्यादा आहे ती साठ्याची. तेजसमध्ये २२० गोळे, म्हणजे चारेक सेकंदांचा मारा. अमेरिकी एफ-३५एमध्ये १८१, तिथे साडेतीन सेकंदही पुरत नाहीत. ब्रिटनने तर पैसे वाचवायला टायफून या लढाऊ विमानाची तोफ वापरायचीच नाही असे ठरवले होते. पण ती काढली तर तोल सांभाळायला तेवढेच वजन भरावे लागणार! शेवटी २००६मध्ये निर्णय फिरवला गेला.

ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांनी आता तिला नवे काम दिले आहे. लक्ष्य स्वस्त, महागडी क्षेपणास्त्रे मोजकीच. डिसेंबर २०२४मध्ये एका एफ-१६ वैमानिकाने एकाच उड्डाणात सहा क्रूझ क्षेपणास्त्रे पाडली, त्यांतली शेवटची दोन तोफेने, असे युक्रेनचे हवाई दल सांगते. मात्र स्फोटके भरलेल्या लक्ष्याच्या इतक्या जवळ जाणे हा जिवाशी खेळ आहे. मे २०२५मध्ये त्याच दलाचा दुसरा एक वैमानिक तीन लक्ष्ये टिपून चौथ्यावर तोफ चालवत होता. त्याच वेळी विमानात बिघाड झाला आणि त्याला पॅराशूटने बाहेर पडावे लागले. तो वाचला, एफ-१६ गेले.